‘फिर्टेल नॉइन’ म्हणजे सव्वानऊ नव्हे : जर्मनीत नव्याने येणाऱ्यांसाठी वेळेची भाषा

स्टुटगार्टजवळच्या माझ्या पहिल्या घरात ऐन नोव्हेंबरात हीटर बंद पडला. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला फोन केला. तो म्हणाला, उद्या ‘फिर्टेल नॉइन’ला येतो. फिर्टेल म्हणजे क्वार्टर, नॉइन म्हणजे नाइन. मी मनात आधी ‘क्वार्टर नाइन’ केलं आणि मग त्याचं सव्वानऊ. दुसऱ्या दिवशी आठला निवांत दूध-पाव आणायला खाली उतरले. साडेआठला परत येते तर दारावर पिवळी चिठ्ठी : ‘सव्वाआठला आलो होतो, घरी कोणी नाही. पुढची वेळ सोमवारी.’ तो गुरुवार होता. चार रात्री दोन स्वेटर घालून झोपले.

फिर्टेल नॉइन म्हणजे सव्वाआठ. जर्मन शब्द मी बरोबर ऐकला होता, मराठीतली वेळही मला कळते. घोटाळा केला तो मधल्या इंग्रजीने. आपण जर्मन शिकतो इंग्रजीच्या आधाराने, पुस्तकं इंग्रजीतली, मोबाइलवरचं भाषांतरही बहुतेक वेळा इंग्रजीत. वेळेच्या बाबतीत मात्र जर्मन भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला कितीतरी जवळची आहे. म्हणून माझा सल्ला असा, की वेळेपुरतं इंग्रजी बाजूला ठेवा. आता एकेक पायरीने जाऊ.

पहिली पायरी : घड्याळ

सगळ्यात जास्त लोक पडतात ते ‘हाल्ब’च्या खड्ड्यात. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नाही. इंग्लंडमधली माणसं बोलताना ‘हाफ एट’ म्हणतात तेव्हा त्यांना साडेआठ म्हणायचं असतं. जर्मन सहकारी इंग्रजीत बोलताना तेच शब्द वापरतो आणि त्याच्या डोक्यात साडेसात असतात. एकाच मीटिंगला लंडनचा माणूस साडेआठला आणि बर्लिनचा साडेसातला हजर, असं खरोखर होतं.

जर्मन माणूस चालू तास मोजतो. सात वाजले म्हणजे सात भाकऱ्या खाऊन झाल्या, आठवी हातात आली. आठवी पाव खाल्ली की ‘फिर्टेल आख्ट’, म्हणजे सव्वासात. अर्धी खाल्ली की ‘हाल्ब आख्ट’, साडेसात. पाऊण खाल्ली की ‘ड्रायफिर्टेल आख्ट’, पावणेआठ. हा शेवटचा शब्द तर आपलाच आहे. ड्रायफिर्टेल म्हणजे तीन पाव, म्हणजेच पाऊण. आपणही पावणेआठ म्हणताना पुढच्या आठाकडेच बघतो. आणि दुपारी पाऊण वाजला तर ते म्हणतात ‘ड्रायफिर्टेल आइन्स’.

साडेसातचं काय? तिथे आपण मागच्या साताकडे बघतो, ते पुढच्या आठाकडे. पण मराठीतही जर्मन पद्धतीचे शब्द आहेत, फक्त घासून इतके गुळगुळीत झालेत की ओळखू येत नाहीत. अडीच हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला. अर्धा तिसरा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जर्मनमध्ये अडीच वाजले की म्हणतात ‘हाल्ब ड्राय’. शब्दशः तेच! आजोबांच्या पिढीने पाठ केलेल्या पाढ्यांमध्ये पावकी, निमकी, दिडकी यांच्या पंगतीत औटकी असायची. औट म्हणजे साडेतीन, मूळ ‘अर्धचतुर्थ’, अर्धा चौथा. जर्मनमध्ये साडेतीन वाजले की ‘हाल्ब फीअर’, अर्धा चार. दीड किलोला ते ‘आंडर्टहाल्ब’ किलो म्हणतात. त्यातल्या ‘आंडर’चा जुना अर्थ दुसरा, म्हणजे अर्धा दुसरा. तेव्हा हाल्ब ऐकलं की घाबरायचं नाही, अडीच आठवायचे.

हे अंगवळणी पडलं की पुढची गंमत. ‘फ्युन्फ फोर हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसातला पाच कमी, ७.२५. ‘फ्युन्फ नाख हाल्ब आख्ट’ म्हणजे ७.३५. तासाच्या मधल्या भागात मोजणी साडेच्या खुंटीला बांधलेली असते. इंग्रजीत याला जोडच नाही, त्यामुळे भाषांतर करत बसलात तर तेवढ्यात बस निघून जाते.

फिर्टेल आख्ट सगळीकडे ऐकू येत नाही. हांबुर्ग किंवा कोलोनकडे ‘फिर्टेल नाख झीबेन’ म्हणतात, म्हणजे सातनंतर पाव, आणि भाषेच्या वर्गात आपल्याला तेवढंच शिकवतात. पूर्वेकडे, म्हणजे सॅक्सनी, थुरिंगिया, बर्लिन या भागात आणि दक्षिणेत स्टुटगार्टच्या आसपास फिर्टेल आख्ट सर्रास चालतं. हे मुद्दाम सांगते, कारण स्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी आणि याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या वाटेने येणारे नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर थेट फिर्टेलच्या मुलखातच उतरणार. गंमत म्हणजे उत्तरेकडच्या जर्मनांनाही हे फिर्टेल कळत नाही, तेव्हा विचारायला लाजू नका.

विचारायचं कसं? ‘आल्झो झीबेन उअर फ्युन्फत्सेन?’ म्हणजे ‘सात वाजून पंधरा ना?’ रेल्वेच्या घोषणेसारखी आकड्यांची वेळ बोलून दाखवायची. समोरचा लगेच ‘याऽ, गेनाउ’ म्हणतो नाहीतर दुरुस्त करतो. फोनवर ठरलेली प्रत्येक वेळ मी अशी उलटून विचारते. चार रात्री कुडकुडल्यानंतर लागलेली ही सवय आहे.

आकडे ऐकतानाही मराठीच मदतीला येते. पंचवीसला जर्मनमध्ये ‘फ्युन्फउंटत्स्वान्सिख’, पाच-आणि-वीस. इंग्रजी डोक्याचा माणूस इथे अडखळतो आणि पंचवीसचे बावन्न लिहून बसतो. आपण तर लहानपणापासून पाच आधी आणि वीस नंतरच म्हणत आलोय. त्रेपन्न, चौसष्ट, पंच्याहत्तर, सगळं तसंच. जर्मन आकडा ऐकला की थेट मराठीत उतरवा, ‘ट्वेंटी-फाइव्ह’कडे वळूच नका.

दुसरी पायरी : दिवस आणि आठवडे

डॉक्टर म्हणाले, ‘इन आख्ट टागेन’ परत या. इंग्रजीत झालं ‘आठ दिवसांनी’, आणि आमच्या ओळखीतला एक मुलगा सोमवारपासून बोटं मोजत पुढच्या मंगळवारी गेला. रिसेप्शनवरच्या बाईंनी त्याला विचारलं, काल का नाही आलात? आता तुम्हीच सांगा, आई जेव्हा म्हणते ‘आठ दिवसांनी ये’, तेव्हा आपण काय समजतो? पुढच्या सोमवारीच जातो ना! आठवडा हा शब्दच आठावरून आलाय. ‘आख्ट टागे’ म्हणजे आपले आठ दिवस, ना कमी ना जास्त.

दोन आठवड्यांना आपण पंधरा दिवस म्हणतो, ते मात्र ‘फिर्त्सेन टागे’, चौदा दिवस म्हणतात. बोलण्यात फरक पडत नाही. कागदावर पडतो. ऑनलाइन मागवलेली वस्तू परत करायची मुदत साधारणपणे चौदा दिवसांची असते. पार्सल ज्या दिवशी हातात आलं तो दिवस मोजत नाहीत. १ तारखेला आलं तर १५ तारीख संपेपर्यंत कळवायचं. ‘पंधरा दिवस आहेत की’ असं म्हणून १६ला कळवलं तर मुदत गेली.

कायद्याने असल्या सैल शब्दांना खुंटीला बांधून ठेवलंय. जर्मन नागरी संहितेच्या कलम १८९ प्रमाणे अर्धा महिना म्हणजे १५ दिवस. कलम १९२ प्रमाणे महिन्याचा ‘आन्फांग’ म्हणजे १ तारीख, ‘मिटे’ म्हणजे १५ आणि ‘एंडे’ म्हणजे शेवटचा दिवस. आपण ‘महिन्याच्या मध्यात देतो’ म्हणतो तेव्हा १२ ते २० मधलं काहीही चालतं. करारात ‘मिटे’ लिहिलं असेल तर १५च.

‘इन ड्राय वोखेन’ आणि ‘इनरहाल्ब फोन ड्राय वोखेन’ यांत फरक करा. इंग्रजीत दोन्ही ‘इन थ्री वीक्स’ होऊन एकमेकांत मिसळतात. मराठीत एका अक्षराचं काम आहे : तीन आठवड्यांनी, आणि तीन आठवड्यांत. नवं घर घेतल्यावर पत्ता नोंदवायचा असतो तो दोन आठवड्यांत, दोन आठवड्यांनी नव्हे.

औषधाच्या पाकिटावर ‘आले त्स्वाय टागे’ दिसलं तर दिवसाआड. कचऱ्याच्या वेळापत्रकात ‘फिर्त्सेनटेगलिख’ दिसलं तर एक आठवडा सोडून. तो दिवस चुकला की कागदाचा डबा पुढचे दोन आठवडे तोंड उघडं टाकून उभा.

‘मॉर्गेन’ म्हणजे उद्या आणि सकाळसुद्धा. ‘उद्या सकाळी’ला ‘मॉर्गेन फ्र्यू’ म्हणतात. परवासाठी मात्र त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, येणारा परवा ‘युबरमॉर्गेन’ आणि गेलेला ‘फोरगेस्टर्न’. आपला एकच परवा दोन्हीकडे तोंड करून उभा, तेव्हा इथे जर्मनांचं बरं आहे. ‘हॉयटे नाख्ट’ ऐकलं तर क्रियापद बघा. ‘हॉयटे नाख्ट नीट झोप लागली नाही’ म्हणजे काल रात्री, ‘हॉयटे नाख्ट बर्फ पडेल’ म्हणजे आज रात्री. आणि पूर्वेला, उत्तरेला कुणी ‘झोनाबेंड’ म्हटलं तर तो शनिवार. रविवारची संध्याकाळ समजून गेलात तर दुकान बंद.

तिसरी पायरी : छोटे शब्द

मोठ्या शब्दांना माणूस शब्दकोशात तरी बघतो. खरा दगा देतात ते हे दोन-चार अक्षरी.

‘बिस’ म्हणजे पर्यंत. जर्मन सहकारी इंग्रजीत लिहितो, ‘प्लीज सेंड इट अंटिल फ्रायडे’. इंग्रजी मास्तर असता तर म्हणाला असता, म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहू का? त्याला म्हणायचंय शुक्रवारपर्यंत पोचू दे. मराठीत ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतो, त्यामुळे आपल्याला ही चूक चूक वाटतच नाही, आणि वाटायची गरजही नाही. फक्त सुट्टीच्या बाबतीत सावध राहा. ‘बिस फ्रायटाग’ रजेवर आहे म्हणजे शुक्रवार धरून की सोडून? यावर जर्मनसुद्धा एकमेकांशी वाद घालतात. ‘आइनश्लीसलिख’, म्हणजे धरून, हा शब्द सोबत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर विचारा.

‘एर्स्ट’चं भाषांतर ‘फर्स्ट’ होतं आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. ‘डेअर बुस कॉम्ट एर्स्ट उम आख्ट’ म्हणजे पहिली बस आठला असं नाही. आठशिवाय बस येणार नाही, असा अर्थ. त्यात थोडा वैतागही असतो.

‘उम आख्ट’ म्हणजे आठला, ठोक. ‘गेगेन आख्ट’ म्हणजे आठच्या सुमारास. गेगेनचा दुसरा अर्थ विरुद्ध, त्यामुळे कधीकधी इंग्रजीत ‘अगेन्स्ट एट’ असला विनोदी प्रकार वाचायला मिळतो. ‘आब आख्ट’ म्हणजे आठपासून पुढे कधीही. वाढदिवसाला ‘आब’ लिहिलं असेल तर साडेआठला गेलात तरी कोणी घड्याळ बघत नाही. जेवायला ‘उम’ बोलावलं असेल तर मात्र बघतात.

‘ग्लाइख’ म्हणजे लगेच. आपल्या ‘आलोच’मध्ये जेवढं लगेच असतं, तेवढंच.

आता ‘झाइट’, म्हणजे पासून, आणि ‘फोर’, म्हणजे पूर्वी. ‘तीन वर्षांपासून इथे राहते’ हे मराठीत वर्तमानकाळात येतं, जर्मनमध्येही तसंच. इंग्रजीत मात्र ‘हॅव लिव्ड’ करावं लागतं आणि त्याचं जर्मन करताना भूतकाळ घुसतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मी एकदा तसं बोलले. समोरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, मग आता कुठे राहता? भूतकाळ ऐकून त्यांना वाटलं मी घर सोडलं. आणि शाळेत ‘बिफोर थ्री इयर्स’ लिहिल्याबद्दल ज्यांनी ओरडा खाल्लाय त्यांच्यासाठी : जर्मनमध्ये ‘फोर ड्राय यारेन’ हेच बरोबर. तीन वर्षांपूर्वी.

चौथी पायरी : कोणता शुक्रवार?

आज बुधवार आहे. ‘नेख्स्टेन फ्रायटाग’ म्हणजे परवाचा शुक्रवार की त्याच्या पुढचा? जर्मनांचंही यावर एकमत नाही. ‘कोमेंडेन फ्रायटाग’ मात्र स्वच्छ आहे, येता शुक्रवार. ‘फ्रायटाग इन आइनर वोखे’ म्हणजे येत्या शुक्रवारनंतर आठ दिवसांनी येणारा शुक्रवार. आपल्या येत्या आणि पुढच्या शुक्रवारातही हाच गोंधळ असतो म्हणून लग्नपत्रिकेवर तारीख छापतात. तुम्हीही तारीख बोला.

ऑफिसात तारीखही नसते, आठवड्याचा नंबर असतो. ‘का-वे’ ३४ म्हणजे कालेंडरवोखे, वर्षाचा चौतिसावा आठवडा. आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते तो पहिला. म्हणून १ जानेवारी २०२७ हा शुक्रवार २०२६च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात मोडतो. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे नंबर दाखवायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच चालू करा.

वेळ बदलण्याच्या शब्दांशी मात्र मराठी दगा देते, हे कबूल करते. ‘फोर’चा आणखी एक अर्थ पुढे, म्हणून ‘फोरफरलेगेन’ म्हणजे पुढे ढकलणे असं वाटतं. अर्थ नेमका उलटा : आधीची वेळ घेणे. पुढे ढकलायचं असेल तर ‘नाख हिन्टेन फर्शीबेन’, शब्दशः मागे सरकवणे. इंग्रजीतलं ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर दोन्हीकडून ऐकू येतं. इथे आपलं देशी ‘प्रीपोन’ कामाला येतं. इंग्लंडच्या लोकांनी नाक मुरडलेला हा शब्द म्हणजे हुबेहूब फोरफरलेगेन.

पाचवी पायरी : सही करण्यापूर्वी

इथे चूक झाली तर स्वेटर घालून भागत नाही, पैसे जातात.

घर सोडण्याची नोटीस भाडेकरूने महिन्याच्या तिसऱ्या ‘वेर्कटाग’पर्यंत, म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून तिसऱ्या दिवसापर्यंत, दिली तर करार ‘युबरनेख्स्ट’ महिन्याच्या शेवटी संपतो. युबरनेख्स्ट म्हणजे पुढच्याच्या पुढचा. मार्चच्या तिसऱ्या वेर्कटागपर्यंत पत्र घरमालकाच्या हाती पडलं तर ३१ मेला सुटका. एक दिवस उशीर झाला की ३० जून, म्हणजे एक महिन्याचं भाडं वर. घाईने केलेल्या इंग्रजी भाषांतरात हा ‘पुढच्याच्या पुढचा’ नुसता ‘पुढचा’ होतो. वेर्कटागला ‘वर्किंग डे’ समजू नका, शनिवारही साधारणपणे वेर्कटाग धरतात. पत्र टाकल्याची नव्हे, पोचल्याची तारीख धरतात. आणि कागदावर शाईची सही लागते, ईमेल चालत नाही.

नोकरीचंही तसंच. प्रोबेशनच्या काळात साधारणतः दोन आठवड्यांची नोटीस. त्यानंतर करारात काही वेगळं नसेल तर कर्मचाऱ्यासाठी ‘चार आठवडे, १५ तारखेला किंवा महिनाअखेरीला धरून’. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, महिना नव्हे. पण बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं, ‘ड्राय मोनाटे त्सुम क्वार्टालसएंडे’, म्हणजे तिमाहीच्या अखेरीला धरून तीन महिने. ‘तीन महिने’ एवढंच वाचून लोक पान उलटतात. जून अखेरीला निघायचं असेल तर पत्र ३१ मार्चपर्यंत पोचायला हवं. १ एप्रिलला दिलंत तर सुटका थेट ३० सप्टेंबरला, आणि पुण्यातली नवी कंपनी तोवर थांबत नाही.

शिकायला येणाऱ्यांसाठी एक. वेळापत्रकात ‘१० त्से-टे’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ही विद्यापीठांची जुनी पाव तासाची सवलत. ‘एस-टे’ असेल तर ठोक दहाला. परीक्षा बहुधा एस-टे असते.

घरी फोन करताना लक्षात ठेवा, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत आपल्या साडेतीन तास पुढे असतो आणि बाकीचे महिने साडेचार. उन्हाळ्यात आईला मी सांगते, ‘माझ्या घड्याळात औट मिळव’. ती हसते, आणि तरीही रविवारी सकाळी साडेसहाला फोन करते. तिच्याकडे तेव्हा दहा वाजलेले असतात.